रविवारी दुखणारी पाठ

विरारला राहणाऱ्या माणसाला पाठदुखीचं कारण शोधावं लागत नाही, ते तयारच असतं. सकाळची विरार फास्ट, चर्चगेटपर्यंतचे साठ किलोमीटर, चौथ्या सीटवर कसंबसं टेकलेलं अंग, संध्याकाळी उतरलं की शेअर रिक्षा आणि पावसाळ्यात त्या रिक्षाखालचे खड्डे. आमच्या ग्रुपमध्ये कंबर न दुखणारा माणूस नव्हता. त्यामुळे २००८ च्या पावसाळ्यात, चोविसाव्या वर्षी, माझी कंबर दुखायला लागली तेव्हा कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. ‘गाडीने खाल्ली’ म्हणायचं आणि पुढची गाडी पकडायची. त्या गाडीच्या आड माझा आजार सात वर्षं लपून बसला.

तो लपला होता हे खरं, पण खुणा रोज देत होता. आज मागे वळून बघताना राग येतो तो याचाच.

पहाटे तीन-साडेतीनला जाग यायची. कंबरेच्या खाली, खुर्चीत बसताना जो भाग टेकतो त्याच्या आत कुठेतरी खोल ठणका लागलेला असे. एक आठवडा डावीकडे, दुसऱ्या आठवड्यात उजवीकडे. कूस बदलायची तर आधी गुडघे दुमडायचे, मग पलंगाची कड धरायची, मग अख्खं अंग एका लाकडासारखं वळवायचं. शेवटी उठून मी पॅसेजमध्ये फेऱ्या मारायचो. पंधरा-वीस मिनिटांत ठणका उतरायचा आणि पुन्हा झोप लागायची. आईला वाटे, पोराला कसलं तरी टेन्शन आहे.

सकाळी मोजे घालता येत नसत. वाकायलाच व्हायचं नाही. गरम पाण्याने अंघोळ केली की थोडं सुटायचं, पण पायाच्या बोटांपर्यंत हात जायचे नाहीत. मग मी मोजे खिशात टाकून घरून निघायचो आणि ऑफिसात पोचल्यावर टेबलाखाली वाकून घालायचो. दोन तासांपूर्वी जमत नसलेली गोष्ट तिथे सहज जमायची. दोन तास कशामुळे लागतात, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नाही.

गाडीतही तेच. विरारहून सुटणाऱ्या गाडीत खिडकी मिळायची, पण नायगाव सुटून खाडीचा पूल आला की मला बसवेना. उठून कुणाला तरी जागा द्यायचो आणि पुढचा सगळा प्रवास उभ्याने करायचो. मित्र मला उदार समजत. गर्दीत धक्के खात अंधेरी येईस्तोवर माझी पाठ घरातल्यापेक्षा मोकळी झालेली असायची. आणि ज्या दिवशी गाडी नाही, खड्डे नाहीत, उशिरापर्यंत लोळणं आणि दुपारभर सोफ्यावर पडून क्रिकेट, त्या रविवारी संध्याकाळी उठताना तोंडातून ‘आई गं’ निघायचं. सोमवारी बरं वाटतं असं म्हणणारा मी वसई-विरारमधला एकटाच नोकरदार असेन.

नवरात्रात जीवदानीच्या पायऱ्या चढलो होतो, हजाराच्या वर. घरचे म्हणाले, आता हा चार दिवस उठत नाही. दुसऱ्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी सरळ उभा होतो. आईने श्रेय देवीला दिलं. मीही दिलं. चढण्याला द्यायचं सुचलं नाही.

इलाज मात्र सगळे उलट्या दिशेने चालले होते. फॅमिली डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दोनच दिवसांत इतकं बरं वाटलं की मी चकित झालो. गोळ्या संपल्या, दुखणं परत. मग हाडांचे डॉक्टर. एक्स-रे स्वच्छ आला. रक्तातला ‘वात’ तपासला, म्हणजे आरए फॅक्टर, तोही निगेटिव्ह. संधिवात नाही, स्नायू आखडलेत, तीन आठवडे पूर्ण आराम, गादीखाली फळी, कंबरेला पट्टा. ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट. आराम करूनही वाढलं म्हणजे दुखणं मोठं आहे, असा अर्थ घरात सगळ्यांनी काढला. आरामामुळे वाढलं, हा अर्थ कुणाच्या डोक्यात आला नाही.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण या लेखातलं कामाचं ते एवढंच आहे. वजन उचलून, वाकून, घसरून होणारी पाठदुखी हालचालीने वाढते आणि पडून राहिलं की उतरते. माझी पाठदुखी सुजेची होती. ती पडून राहिलं की वाढते आणि हालचालीने उतरते, उत्तररात्री उठवते, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ अंग आखडवून ठेवते, चाळिशीच्या आत, बहुधा विशी-तिशीत, हळूच सुरू होते आणि तीन महिन्यांनंतरही जात नाही. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळीने ती एक-दोन दिवसांत विलक्षण कमी होते. मला आलेला तो ‘चकित’ होण्याचा अनुभव हीसुद्धा एक खूणच होती. आरए फॅक्टर या आजारात निगेटिव्हच येतो, आणि माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना कणा जिथे कटीच्या हाडांना जोडलेला असतो त्या सांध्यांतला बदल साध्या एक्स-रेत दिसायला कित्येक वर्षं जाऊ शकतात. स्वच्छ एक्स-रे म्हणजे निरोगी पाठ नव्हे. मी मात्र ते रिपोर्ट फाइलला लावून निर्धास्त झालो.

२०१० मध्ये टाच दुखू लागली. सकाळी पहिलं पाऊल टाकताना खिळा रुतल्यासारखी. मी बूट बदलले, सिलिकॉनचे पॅड घातले. स्नायूची दोरी हाडाला जिथे चिकटते तिथे या आजारात सूज येते आणि टाच ही तिची आवडती जागा, हे फार पुढे कळलं.

मग माझ्या मूर्खपणाचा काळ. कुणीतरी एका हाडं बसवणाऱ्याकडे नेलं. त्याने मला पालथं घातलं, पाठीवर गुडघा रोवला आणि मान झटक्याने फिरवली. कडाड आवाज आला, त्याने तो ‘बसल्याचा’ मानला. या आजारात मणके एकमेकांना जुळत आलेल्या माणसाचं असं केलं तर मणका मोडू शकतो. माझं तेव्हा तिथवर गेलं नव्हतं, म्हणून निभावलं. त्यानंतर काळ्या पुड्या. नाव नाही, घटक नाहीत, ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’. पंधरा दिवसांत मी हरणासारखा पळायला लागलो. चार महिन्यांत चेहरा गोल गरगरीत झाला, पोटावर जांभळे ओरखडे उठले, साखर वाढली. त्यात बहुधा स्टेरॉइड मिसळलेलं होतं, असं पुढे डॉक्टरांनी सांगितलं. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही. बिननावाच्या पुडीशी आहे. आणि अशी पुडी कुणी घेत असेल तर घाबरून एका रात्रीत बंदही करू नका. स्टेरॉइड अचानक थांबवलं तर जिवावर बेततं. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा.

२०१२ चा मे महिना. उजवा डोळा लाल झाला. डोळे आले असं समजून मेडिकलमधून थेंब आणले, काळा चष्मा लावला. पण डोळे आले की चिकटा येतो, दोन्ही डोळ्यांना लागण होते. माझा एकच डोळा लाल, बुबुळाभोवती जास्त लाल, चिकटा अजिबात नाही. ट्यूबलाइटकडे बघवत नव्हतं आणि तिसऱ्या दिवशी मोबाइलची अक्षरं धुकट झाली. वसईतल्या एका नेत्रतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ डोळ्यात पाहिलं आणि पाहतापाहताच विचारलं,

‘‘कंबर दुखते का तुमची? पहाटे?’’

चार वर्षांत पहिल्यांदाच कुणी वेळ विचारली होती.

डोळ्याच्या आत सूज होती, युव्हायटिस. माझ्या कंबरेच्या आजारात साधारण चारांतल्या एकाला ती आयुष्यात केव्हातरी होते. त्यांनी स्टेरॉइडचे थेंब दिले आणि बाहुलीची कड आतल्या भिंगाला चिकटू नये म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब दिले. डोळा वाचला. एका चिठ्ठीवर ‘संधिवाततज्ज्ञांना दाखवा’ असं लिहून दिलं. तेही नुसतं तोंडी नव्हे. माझ्या हातात चिठ्ठी ठेवली.

ती चिठ्ठी माझ्या पाकिटात तीन वर्षं होती. यात कुठल्या डॉक्टरची चूक नाही. माझं लग्न ठरलं होतं, आणि तिशीच्या आतल्या मुलाला ‘वात’ आहे हे मुलीकडच्यांना कळलं तर, ही भीती होती. पुढे बायकोला ती चिठ्ठी पाकिटात सापडली. ‘‘अहो, ही तारीख कुठली आहे?’’ एवढंच म्हणाली आणि आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

२०१५ मध्ये आम्ही गेलो. संधिवाततज्ज्ञ म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. हाडांचा डॉक्टर वेगळा, हा वेगळा, हेही मला तेव्हाच समजलं. डॉक्टरबाईंनी माझी जाडजूड फाइल बाजूला ठेवली आणि रात्र कशी जाते ते विचारलं. मग शिंप्यासारखी टेप काढली. उभं करून कंबरेवर पेनने दोन खुणा केल्या, दहा सेंटिमीटर अंतरावर, आणि वाकायला सांगितलं. निरोगी तरुण माणूस वाकला की ते अंतर पंधरापर्यंत ताणतं. माझं साडेबारावर थांबलं. भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभं केलं. डोकं भिंतीला टेकलं नाही, मध्ये तीन बोटं मावली. छातीला टेप गुंडाळून खोल श्वास घ्यायला लावला. छाती जेमतेम दोन सेंटिमीटर फुगली. धाप लागते ती सिगारेटमुळे, असं मी समजत होतो. (सिगारेटही होतीच, स्टेशनबाहेर चहाबरोबर दोन. हा आजार धुराने जास्त वेगाने चालतो. त्या दिवसापासून सोडली.) एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंचे सांधे सुजलेले स्पष्ट दिसले. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आला.

या शेवटच्या तपासणीबद्दल घरोघरी गैरसमज आहेत. बी२७ हे जनुक आणि हा आजार यांचं नातं १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी दाखवलं. ते नातं घट्ट आहे, पण एकेरी. आजार असलेल्यांत बी२७ बहुधा सापडतो. बी२७ असलेल्या बहुतेकांना मात्र जन्मभर काही होत नाही. म्हणून लक्षणं नसताना मुलाबाळांची ही तपासणी करून घेऊ नका. माझ्या मुलीकडे ते जनुक जाण्याची शक्यता निम्मी होती. मी तपासलेलं नाही. तिची सकाळ तेवढी बघत असतो.

नाव कळलं: अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. आणि नावानेच नवा घोळ घातला. आपल्याकडे प्रत्येक घरात एका तरी आत्याला ‘स्पॉन्डिलायटिस’ असतो. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, ‘‘हात्तिच्या, माझ्या नणंदेला आहे की! मानेला पट्टा लावते, उशी काढून टाकली, ठणठणीत आहे.’’ ते असतं स्पॉन्डिलोसिस, वयाने होणारी मणक्यांची झीज. हा सुजेचा आजार. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते आणि सूज ओसरताना त्या जागी नवं हाड तयार होतं. वर्षानुवर्षं असं चाललं तर मणके एकमेकांना जुळत जातात. पूर्ण जुळलेल्या कण्याला डॉक्टर ‘बांबू स्पाइन’ म्हणतात.

बांबू हा शब्द ऐकला आणि मला आगाशीचे मामा आठवले. केळीची वाडी होती त्यांची, राजेळीची. मी पाहिले तेव्हापासून ते पुढे वाकलेले. हाक मारली की मान वळायची नाही, पायांपासून सगळा देह वळायचा. समोरच्याचं तोंड दिसत नसल्याने ते माणसं चपलांवरून ओळखायचे. ‘‘काय रे, नवीन चप्पल?’’ हे त्यांचं ‘ये बस’. वाडीत वाकून वाकून वाकले, असं सगळे म्हणत. मामांची वाडी, माझी विरार फास्ट. त्यांचा एक डोळाही अधू होता. लहानपणी काहीतरी गेलं म्हणे. डॉक्टरबाईंना मी फोनमधला त्यांचा फोटो दाखवला. फोटोवरून निदान करत नाही म्हणाल्या, पण ‘आईकडून मामा’ हे शब्द त्यांनी लगेच लिहून घेतले.

मी विचारलं, ‘‘मीही असाच होणार?’’

त्यांचं उत्तर मला पाठ आहे, कारण ते ‘नाही’ नव्हतं आणि ‘हो’ही नव्हतं. हा आजार प्रत्येकाचा वेगळा चालतो. पुष्कळांचा जन्मभर कटीपाशीच राहतो. काहींचा वर चढतो, कंबर, छाती, मान असा. काहींच्या खुब्यात उतरतो आणि मग चालणं अवघड होतं, सांधा बदलावा लागतो. मध्येच महिनोन्‌महिने शांत बसतो, मग उसळतो. थकवा हेही त्याचं लक्षण आहे, आळस नव्हे. हे वाक्य डॉक्टरबाई माझ्या बायकोकडे बघून म्हणाल्या, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. जुळलेलं हाड परत सुटत नाही. सूज मात्र आवरता येते, आणि जितक्या लवकर आवरू तितकं बरं.

औषधांचं थोडक्यात सांगतो, कारण ते ज्याचं त्याच्या डॉक्टरने ठरवायचं. पहिली पायरी सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचीच. पण त्या नियमित आणि पुरेशा मात्रेत, देखरेखीखाली. ‘दुखलं की एक’ असं नाही. पोट, मूत्रपिंड, रक्तदाब यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. दोन वेगवेगळ्या गोळ्या नीट घेऊनही भागलं नाही तर इंजेक्शनं, टीएनएफ नावाच्या घटकाला रोखणारी. मला ती लागली. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी झाली, कारण आपल्या देशात कित्येकांच्या अंगात क्षय सुप्त असतो आणि ही औषधं त्याला जागं करू शकतात. ही तपासणी न करता कुणी इंजेक्शन सुरू करत असेल तर थांबा आणि विचारा. इंजेक्शन चालू असताना ताप अंगावर काढायचा नाही. खर्चाचं म्हणाल तर मी नशीबवान. २०१४ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने यांतल्याच एका इंजेक्शनाचं, अ‍ॅडालिम्युमॅबचं, देशी रूप बाजारात आणलं होतं आणि ते मूळ औषधापेक्षा बरंच स्वस्त होतं. तरी सोसणारं नव्हतं. बायकोच्या बांगड्या गेल्या. ज्यांना खासगी परवडत नाही त्यांच्यासाठी परळच्या केईएममध्ये संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे. दादरला उतरून जावं लागतं, रांग मोठी असते, पण जा.

गोळी-इंजेक्शनाइतकाच व्यायाम. रोज सकाळी वीस मिनिटं मी जमिनीवर पालथा पडतो, कपाळाखाली हात. कणा पुढे वाकू नये म्हणून. उशी पातळ. फुप्फुसं पूर्ण भरून श्वास. भिंतीला पाठ लावून उभं राहणं. तीन बोटांची आता दोन झालीत, आणि दहा वर्षांत ती चार झाली नाहीत हे मला पुरेसं आहे. रविवारी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या ओल्या घट्ट वाळूवर चालतो. ऑफिसात दर अर्ध्या तासाने उठतो; साहेबांना एकदाच कारण सांगितलं, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. गाडीतल्या एका मित्राने मायकेल आथर्टनची माहिती आणून दिली. इंग्लंडच्या क्रिकेट संघाच्या या माजी कप्तानालाही हाच आजार. १९९५ मध्ये जोहान्सबर्गला तो ६४३ मिनिटं खेळपट्टीवर उभा राहिला, नाबाद १८५, आणि सामना वाचवला. मित्र म्हणाला, ‘‘बघ, तोही बसत नव्हता.’’

ज्यांचा कणा थोडाफार जुळला आहे त्यांना दोन गोष्टी. जुळलेला कणा मजबूत नसतो, ठिसूळ असतो. गाडीत चढताना पडलात, रिक्षा आदळली आणि मान किंवा पाठ नव्याने दुखू लागली, तर ‘नेहमीचंच’ म्हणून सोडू नका. त्याच दिवशी तपासा. हातापायांना बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर तासही घालवू नका. दुसरं, कुठल्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना मानेबद्दल स्वतःहून सांगा. ताठ मानेत श्वासाची नळी घालणं अवघड असतं.

आणि बायकांबद्दल. हा पुरुषांचा आजार, असं जुन्या डॉक्टरांच्या तोंडी अजून असतं. माझ्या मावसबहिणीची बाळंतपणानंतर कंबर धरायची. शेक, डिंकाचे लाडू, ‘बाळ घेऊन घेऊन होतं’ असं चाललं होतं. तिलाही वाडी-गाडीसारखं एक तयार कारण मिळालं होतं. माझं निदान झाल्यावर मी तिला एकच विचारलं: रात्री बाळ झोपलेलं असताना तुला जाग येते का? बायकांमध्ये एक्स-रेतला बदल कमी आणि उशिरा दिसतो, म्हणून त्यांना आमच्याहूनही जास्त वर्षं थांबावं लागतं. तिला नऊ लागली.

तुमच्या घरात चाळिशीच्या आतलं कुणी तीन महिन्यांहून जास्त काळ कंबर धरून असेल, तर येत्या रविवारी एक करा. त्याला रात्री किती वाजता जाग आली, सकाळी मोजे किती वाजता घालता आले, दुपारी पडून राहिल्यावर बरं वाटलं की वाईट, हे एका कागदावर लिहा. खाली लिहा: डोळा कधी लाल झाला होता का, टाच दुखते का, घरात कुणी वाकलेलं होतं का. तो कागद डॉक्टरांसमोर फाइलच्या वर ठेवा. पाकिटात ठेवू नका.